घोडी लगाम का चुकवते?

जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांत यात्रांचा हंगाम सुरू झाला की बैलगाड्यांच्या पुढे घोडी पळू लागते. मागे चार बैलांचा गाडा, पुढे स्वारासह घोडी, समोर चढाचा घाट आणि सेकंदांवर मोजली जाणारी बारी. घोडी सरळ पळाली तर बैल सरळ येतात. घोडी डोके झटकू लागली, मान वाकडी करून एका अंगाला ओढू लागली, तर बारी बिघडते आणि कोणाच्या तरी जिवावरही बेतू शकते. म्हणून अवसरी खुर्दसारख्या गावात, जिथे यात्रा आणि गाडा या गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, तिथे घोडीच्या तोंडात कोणता लगाम घालावा हा प्रश्न बाजारभावाइतक्याच गांभीर्याने चर्चिला जातो. चर्चेचा शेवट मात्र बहुतेक वेळा एकच असतो : आहे त्यापेक्षा कडक लगाम आणा.

२०१४ ते २०२३ या काळात शर्यतींवर न्यायालयांत जे घडले ते सर्वांना माहीत आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१७ साली राज्याने कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती कायम केली. या साऱ्या वर्षांत बैलाच्या वेदनेवर बारकाईने बोलले गेले. पुढे पळणाऱ्या घोडीच्या तोंडाकडे तेवढे लक्ष गेले नाही. ती उणीव आपल्याच लोकांनी भरून काढावी असे मला वाटते, आणि त्यासाठी लगाम चुकवणाऱ्या घोड्याविषयी आजवर जगात आणि आपल्याकडे काय काय सांगितले गेले आहे ते एकदा नीट तपासायला हवे.

लगाम चुकवणे याची रूपे अनेक आहेत. एक घोडी मान वर काढते आणि नाक आभाळाकडे करते. लगामाचे लोखंड मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यांवर चढते आणि तिला थांबवणे अवघड होते. दुसरी उलट करते, हनुवटी छातीकडे ओढून घेते. वाग, म्हणजे स्वाराच्या हातातली लगामाची दोरी, ताणली तरी हातात काहीच लागत नाही आणि बघणाऱ्याला वाटते की काय सुंदर मान वाकवली आहे. तिसरी तोंड उघडते, जबडा तिरका करते. चौथी जीभ लोखंडावरून वर काढून बाहेर लोंबकळत ठेवते. पाचवी पूर्ण वजन स्वाराच्या हातावर टाकून पळते, म्हणजे लगाम चुकवत नाही, उलट त्यावर ओणवते. पण परिणाम तोच, स्वाराचे म्हणणे तिच्यापर्यंत पोहोचत नाही. या पाचही तऱ्हांना गावात ‘तोंडाची कडक’ असे एकच नाव मिळते. इथेच पहिली चूक होते, कारण प्रत्येकीचे कारण वेगळे असू शकते आणि उपाय तर नक्कीच वेगळा असतो.

कारणे समजायची तर घोड्याच्या तोंडात डोकावले पाहिजे. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये खालच्या जबड्यावर दात नसलेली एक मोकळी पट्टी असते. लगामाचे लोखंड तिथे येते. त्या पट्टीवरची कातडी पातळ आहे आणि तिच्याखाली हाडाची अरुंद धार आहे. तोंडात रिकामी जागा जवळपास नाही; बंद तोंडात जीभ आणि टाळू मिळून ती पोकळी भरलेली असते. हिलरी क्लेटन या अश्वचालीच्या अभ्यासकांनी लगाम घातलेल्या घोड्यांची क्ष-किरण चित्रे घेऊन लोखंड तोंडात नेमके कुठे बसते आणि कसे सरकते ते दाखवले. जीभ हीच लोखंडाची गादी आहे, आणि अस्वस्थ घोडा जीभ मागे ओढून किंवा लोखंडावर चढवून सुटका शोधतो, हे त्या चित्रांमुळे डोळ्यांना दिसले. जाड लोखंड म्हणजे मऊ लगाम, ही आपल्याकडची पक्की समजूत त्यामुळे अर्धवट ठरते. जाड लोखंडाने दाब पसरतो हे खरे, पण लहान तोंडाच्या आणि मांसल जिभेच्या घोडीला ते तोंडात मावतच नाही.

दुसरी गोष्ट दातांची. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. चावताना दाढा एकमेकींवर पूर्ण घासल्या जात नाहीत, म्हणून वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होत जातात. लगाम ओढला की गाल त्या धारेवर दाबला जातो. वर नाकपट्टी आवळलेली असेल तर गाल आणखी आत जातो. आतून जखम झालेली घोडी डोके झटकेल नाही तर काय करेल? शिवाय पहिल्या दाढेच्या पुढे काही घोड्यांना एक लहानसा, जवळजवळ बिनकामाचा दात येतो. डॉक्टर त्याला वुल्फ टूथ म्हणतात. तो नेमका लोखंडाच्या वाटेत असतो. नर घोड्यांना चौथ्या-पाचव्या वर्षी सुळे येतात तेव्हाही हिरड्या दुखतात. अडीच ते साडेचार वर्षांपर्यंत दुधाचे दात पडून पक्के येत असतात; आणि आपल्याकडे नेमक्या याच वयात घोडीला घाटात उतरवण्याची घाई होते. फिनलंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांची धाव संपल्यावर लगेच तोंडे तपासली, तेव्हा बहुसंख्य घोड्यांत लगामाच्या जागी ताज्या जखमा सापडल्या. तिथे पशुवैद्यक हाकेच्या अंतरावर असतात आणि तरीही हे चित्र आहे. आपल्या घोड्यांची तोंडे अशी ओळीने तपासली तर काय दिसेल याची मला काळजी वाटते.

म्हणून माझ्या मते या विषयावरच्या सगळ्या सल्ल्यांत क्रम महत्त्वाचा आहे. आधी दात, मग पाठ आणि खोगीर, मग स्वाराचा हात, आणि सर्वांत शेवटी लोखंड. बाजारात हा क्रम नेमका उलटा चालतो, कारण लोखंड विकत मिळते.

पाठीचे थोडक्यात सांगतो. खांद्याच्या वर टोचणारे खोगीर किंवा घोंगडीच्या घडीवर तंग आवळून केलेली बैठक घोडीला पाठ खाली दाबायला लावते. पाठ खाली गेली की मान वर येते. मान वर आली की मालकाला वाटते, तोंड कडक आहे. तंगाखाली, खांद्यामागे आणि कमरेवर बोटांनी दाबून पाहावे. घोडी कातडी थरथरवते, कान मागे टाकते किंवा चावायला वळते, तर त्या दिवशी लगामाचा विचार सोडून द्यावा.

हाताबद्दल मात्र सविस्तर बोलावे लागेल, कारण बहुतेक घोड्या तोंडाच्या नव्हे, हाताच्या तक्रारी सांगत असतात. घोडा शिकतो तो दाब सुटल्यामुळे. वाग ताणली, घोडीने पाऊल आखडले आणि त्याच क्षणी वाग सैल झाली, तर तिला कळते की पाऊल आखडणे हे उत्तर बरोबर होते. वाग सैल झालीच नाही, तर तिला दोनच मार्ग उरतात : दाब सोसून बधिर होणे किंवा डोके फिरवून दाबापासून पळणे. डोके झटकल्यावर स्वाराचा हात क्षणभर ढिला पडतो. घोडीच्या दृष्टीने झटका यशस्वी झाला. दुसऱ्या दिवशी ती आधीच झटकते. यात तिची खोडी अजिबात नाही, आपण जे शिकवले ते ती चोख शिकली आहे. ज्या स्वाराची मांड पक्की नाही तो तोल जाताच वागेला लोंबकळतो, आणि त्याचे सगळे वजन त्या हाडाच्या धारेवर येते. दुडक्या चालीत स्वार वर-खाली होतो; त्याचे हात शरीराबरोबर उडत असतील तर प्रत्येक पावलाला घोडीच्या तोंडाला हिसका बसतो. असा हात हलका करण्याचा उपाय लगामाच्या दुकानात मिळत नाही. बिनरिकिबीच्या रपेटीने तो येतो. आपल्या भागातले जुने चाबूकस्वार पोरांना आधी कित्येक दिवस दोरावर फिरणाऱ्या घोड्यावर, हात मोकळे ठेवून बसवीत. ती पद्धत टाकून द्यायला नको होती.

घाटातल्या घोडीची आणखी एक वेगळी अडचण आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. तिची धाव थोड्या अंतराची, पूर्ण ताकदीची असते, आणि माथ्यावर तिला एकदम थांबवावे लागते. मागून चार बैल येत असतात, बाजूला माणसांची गर्दी असते. जिथे पुढे मोकळी जागा कमी आहे तिथे स्वार दोन्ही हातांनी मागे रेलून लगाम ओढतो. प्रत्येक बारीचा शेवट तोंडातल्या वेदनेने होणार हे घोडीला दोन-चार यात्रांतच उमगते. मग ती निशाणाजवळ येण्याआधीच मान वर करते, तिरकी होते, किंवा थांबायलाच नकार देऊन गर्दीत शिरते. मालक म्हणतो, लगाम कमी पडतो. मला वाटते, जागा कमी पडते. घाट आखताना माथ्यापलीकडे घोडीला वळण घेत चाल कमी करता येईल एवढा मोकळा पट्टा ठेवला, तर निम्म्या घोड्यांच्या तोंडातला कडक लगाम आपोआप अनावश्यक होईल. हे काम यात्रा कमिटीचे आहे, खोगिरवाल्याचे नाही.

घोड्यांचा पूर्वेतिहासही पाहावा लागतो. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड गावांकडे विकले जातात. रेसच्या घोड्याला जॉकी वाग आखडून धरतो आणि घोडा त्या आधारावर रेलून आणखी जोरात पळायला शिकलेला असतो. अशा घोड्याची वाग तुम्ही थांबवण्यासाठी ओढली तर त्याच्या समजुतीने तुम्ही पळ म्हणत आहात. त्याला काटेरी लगाम घालणे म्हणजे न कळणारी भाषा ओरडून सांगणे. त्याच्यासाठी महिनोन्महिने चालीचे, थांबण्याचे आणि लांब वागेवर मान खाली सोडण्याचे नवे शिक्षण लागते. अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेल्या काठेवाडी-मारवाडी रक्ताच्या घोड्यांचे उलट असते. त्यांतल्या अनेकांना वरातीत नाचवण्यासाठी मान उंच आणि हनुवटी आत ठेवायला लावलेले असते, तेही बहुधा तरफेच्या लगामाने. ते लगामाच्या मागे लपतात. त्यांना पुढे जायला शिकवावे लागते. आपल्या भीमा खोऱ्यातला भीमथडी घोडा, ज्याला २०२४ साली राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, तो धनगरांच्या वाड्यावर बिऱ्हाड वाहत वाढतो. त्याच्या तोंडात अनेकदा लोखंड गेलेलेच नसते. असा घोडा हाती आला तर ते भाग्य समजावे, कारण त्याला काही विसरायला लावायचे नाही.

आता लोखंडाकडे येऊ. दोन लगाम, एक गुळगुळीत आणि एक धारदार चकत्यांचा, घोड्याला कसे वापरावेत हे ग्रीक सेनानी झेनोफनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात लिहून ठेवले आहे. ताठ लगामापेक्षा लवचिक लगाम बरा, कारण घोडा त्याला एका जागी दातांत पकडून ठेवू शकत नाही, हेही त्याने ओळखले होते. आपल्याकडे कल्याणच्या चालुक्यांच्या सोमेश्वर तिसऱ्याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त घोडदौडीच्या खेळाचे स्वतंत्र प्रकरण आहे. जुन्नर परिसराला घोड्याचे मोल ठाऊक होतेच; १६५७ साली शिवाजी महाराजांनी जुन्नर लुटले तेव्हा रोकड आणि जवाहिराबरोबर दोनशे घोडे नेल्याची नोंद इतिहासकार देतात. मराठी घोडदळाने खोगीर, रिकीब, तंग, दुमची, जेरबंद, कडियाळी असा सगळा सरंजाम आपल्या बोलीत आणला. सरंजाम आला, पण कोणता कधी वापरू नये याचे शास्त्र मात्र पिढीगणिक पातळ होत गेले.

लगामांचे दोन मूळ वर्ग. पहिला साधा, ज्यात वागेची ओढ सरळ तोंडात पोहोचते. त्याला जगभर स्नॅफल म्हणतात. दुसरा तरफेचा, ज्यात लोखंडाच्या दोन्ही टोकांना खाली लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असते. तरफेचे गणित प्रत्येक मालकाने एकदा कागदावर करून पाहावे. वरची दांडी ५ सेंटिमीटर आणि खालची १० सेंटिमीटर असेल, आणि स्वाराने १ किलोची ओढ दिली, तर साखळीवर सुमारे २ किलो आणि तोंडातल्या लोखंडावर सुमारे ३ किलोचा भार येतो. स्वार माथ्यावर दोन्ही हातांनी मागे रेलतो तेव्हा ओढ १ किलोची नसते, कित्येक पट असते. त्याच्या तिप्पट भार कशावर येतो हे वर सांगितलेच आहे. तरफेचा लगाम कुशल हातात सूक्ष्म इशाऱ्याचे साधन आहे. उच्च दर्जाच्या ड्रेसाजमध्ये, म्हणजे शिस्तबद्ध चालींच्या अश्वारोहणात, तो साध्या लगामासोबत दुहेरी म्हणून वापरतात, पण वर्षानुवर्षे साध्या लगामावर तयार झालेल्या घोड्याला. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने सांघिक ड्रेसाजचे सुवर्ण मिळवले, ४१ वर्षांनी देशाला अश्वारोहणात सुवर्ण आले, आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. त्या स्पर्धेची चित्रफीत आपल्या घोडेस्वारांनी मुद्दाम पाहावी. वाग ताणलेली दिसते, पण हात हिसडत नाहीत. घोडा तोंड बंद ठेवून काम करतो.

साध्या लगामात तीन प्रकार आपल्या कामाचे. मध्ये एक सांधा असलेला, जो ओढला की घडी होऊन जिभेला दोन्ही बाजूंनी आवळतो आणि काही तोंडांत टाळूलाही टोचतो. दोन सांध्यांचा, ज्याच्या मधला लहान तुकडा जिभेवर सपाट बसतो. आणि बिनसांध्याचा, किंचित कमानदार अखंड दांडा. मान वर काढणाऱ्या किंवा तोंड उघडणाऱ्या घोडीला, दात तपासून झाल्यावर, मी प्रथम दोन सांध्यांचा मध्यम जाडीचा लगाम घालून पाहीन. हिसक्याने बिथरलेल्या घोडीला आणि जीभ चढवणाऱ्या घोडीला अखंड कमानदार दांडा अनेकदा शांत करतो, कारण तो तोंडात कमी हलतो. हातावर ओणवणाऱ्या घोडीला तोच दांडा वाईट, ती त्यावर आणखी रेलते. कडी लोखंडात सरकणारी आहे की घट्ट बसवलेली, हेही पाहावे. घट्ट कडी स्थिरता देते आणि ओठ चिमटत नाही. सरकती कडी रेलणाऱ्या घोडीला पकड मिळू देत नाही.

मापात आपण सर्वांत निष्काळजी आहोत. लोखंड ओठांच्या दोन्ही बाजूंना मिळून अर्धा ते एक सेंटिमीटर बाहेर दिसावे. आपले देशी घोडे आणि तट्टे बाजारात सहज मिळणाऱ्या मापापेक्षा अरुंद तोंडाची असतात. मोठा लगाम तोंडात एका बाजूला सरकतो, सांधा मध्यभागी राहत नाही, आणि घोडी एका अंगाला ओढते. मग म्हणतात, हिचे उजवे तोंड कडक आहे. काठीला दोरा बांधून ओठापासून ओठापर्यंतचे माप घ्यावे आणि त्याप्रमाणे मागवावे. कानपूरला खोगीर-लगामाचा मोठा उद्योग आहे, तिथला माल जगभर जातो. हवे ते माप तिथून मागवता येते. स्वस्त लगामाच्या सांध्याला आतून बोट फिरवून पाहावे. ओतकामाची कंगोरी, गंज, झिजून धारदार झालेले भोक, यांतले काहीही लागले तर तो लगाम भंगारात द्यावा.

काटेरी लगामाबद्दल मतभेदाला जागा नाही. १९६५ च्या ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांवरील क्रूरता प्रतिबंधक नियमांतला आठवा नियम स्वारीसाठी किंवा गाडीसाठी काटे, गाठी किंवा टोके असलेला लगाम वापरायला स्पष्ट मनाई करतो. तारेची वेटोळी गुंडाळलेला किंवा सायकलच्या साखळीचा लगामही त्याच मनाईत मोडतो. वेदनेचा परिणामही उलटाच होतो. घाबरलेला घोडा पळतो. पळणे हेच त्याचे मुख्य शस्त्र आहे. पळून जाऊ नये म्हणून घातलेला काटा पळण्याचेच कारण बनतो. आधी दोन-चार दिवस घोडी थबकते, मालक समाधानी होतो, आणि नंतर तोंड बधिर होऊन ती पहिल्यापेक्षा अनावर होते. पुढे काय, याचे उत्तर त्या वाटेवर नाही.

बांधण्याच्या साधनांचा पसारा मोठा आहे. जेरबंद आपल्याला ओळखीचा : तंगापासून निघून पुढच्या पायांमधून येणारा पट्टा. तो नाकपट्टीला बांधला तर डोके एका मर्यादेपलीकडे वर जाऊ देत नाही. तेवढ्यापुरता तो स्वाराचे नाक वाचवतो. पण काही जण तो थेट लगामाच्या कड्यांना बांधतात, तेव्हा घोडी ठेचाळली तरी स्वतःच्याच तोंडाला हिसका देते. हे बंद झालेच पाहिजे. दुसरा जेरबंद दोन फाट्यांचा, ज्यांच्या टोकांच्या कड्यांतून वागा जातात. तो सैल ठेवला तर मान फार वर गेल्यावरच काम करतो आणि एरवी बाजूला राहतो. चढावर पळणाऱ्या घोडीला मान पुढे-वर हलवून तोल सांभाळावा लागतो, म्हणून घाटात कोणताही आखूड जेरबंद मला धोक्याचा वाटतो.

तंगापासून लगामाच्या कडीतून परत स्वाराच्या हातात येणारी लांब वाग, जिचा पुरस्कार सतराव्या शतकात इंग्लंडच्या ड्यूक ऑफ न्यूकॅसलने केला, ती कप्पीसारखी काम करते. हातातली ओढ कडीवर जवळपास दुप्पट होऊ शकते. मान लगेच खाली येते, आणि फसवणूकही तिथेच आहे. मान आली, पाठ आली नाही. घोडी हनुवटी छातीला लावून पुढच्या पायांवर पडते आणि लगामाच्या मागे लपण्याचा नवा धडा शिकते. जगातले जाणते शिक्षक ती वाग अनुभवी हातासाठी, थोड्या वेळासाठीच राखून ठेवतात. आपल्या गावांत ती नकोच असे माझे मत आहे.

लांब दोरावर गोल फिरवताना, म्हणजे कावा देताना, वापरायच्या साधनांत थोडी आशा आहे. खोगिरापासून लगामापर्यंत बांधलेल्या बाजूच्या वागांचा एक गुण असा की त्या माणसाच्या हातासारख्या हिसडत नाहीत. घोडीला कळते की आपण स्थिर राहिलो तर दाबही स्थिर राहतो. त्या लांब बांधाव्यात, नाक कपाळातून खाली येणाऱ्या उभ्या रेषेपुढेच राहील अशा, आणि दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. बांधून ठाणावर उभी करून ठेवण्याची जी रीत नाचाच्या घोड्यांसाठी दिसते, ती छळ आहे. स्नायू दुखले तरी घोडीला सुटका नाही. शांबॉन या फ्रेंच साजात दोरी तंगापासून निघून कानामागून लगामाला जाते. डोके वर गेले तर दाब येतो, खाली आले की सुटतो. दाब सुटण्याचे तत्त्व त्यात आहे, म्हणून मान वर काढणाऱ्या घोडीला ती कावा देताना उपयोगी पडते. पाठीवर बसून ती वापरायची नाही.

नाकपट्टीने तोंड आवळून बंद करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय आहे. घोडी तोंड उघडते तेव्हा ती काहीतरी सांगत असते, आणि आपण तिचे सांगणे बंद करतो. नाकाच्या हाडावर, पट्टीखाली दोन बोटे सहज जावीत ही जुनी शिकवण होतीच. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने २०२५ पासून स्पर्धांत पट्टी किती आवळली आहे ते मोजण्याचे ठराविक मापक वापरायला सुरुवात केली, कारण ‘दोन बोटे’ प्रत्येकाची वेगळी निघत होती.

बिनलोखंडी म्होरकी हा आणखी एक पंथ. नाकावरच्या दाबाने घोडा चालवणे शक्य आहे, आणि तोंडाला जखम असताना तर तोच मार्ग. उड्यांच्या स्पर्धांत असे साज चालतात. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या रिंगणात स्वार नसलेला अश्व वारकऱ्यांच्या भरगच्च कड्यातून धावतो, कोणी त्याला ओढत नाही, तो वळतो आणि पुढे जातो. अंकलीच्या शितोळे सरकारांकडचे हे घोडे आळंदीपर्यंत चालत येतात. गर्दीत घोडा शांत राहतो तो सवयीने आणि विश्वासाने, हे लाखो लोक दरवर्षी पाहतात. तरीही घाटात थेट म्होरकीवर घोडी उतरवा, असे मी सांगणार नाही. तंग नाकपट्टीही हाडाला इजा करते, आणि न शिकलेली घोडी म्होरकीवर अधिकच बेफाम होईल. म्होरकीवर शिकवावे, लगामावर उतरवावे, हा मधला मार्ग मला पटतो.

प्रत्यक्ष शिकवण्याचे काम साधे आहे, फक्त त्याला हंगामापूर्वीचे तीन-चार महिने लागतात. जमिनीवर उभे राहून एक वाग हलके धरावी, घोडीने जबडा सैल करून नाक जरा वळवले की तत्क्षणी सोडावी. दोन्ही बाजूंनी हे सहज झाले की चालवत, मग दुडक्या चालीत. चाल-थांब, चाल-दुडकी असे बदल वारंवार. थांबण्याचा इशारा आधी आवाजाने आणि बैठकीने द्यायचा, मग वागेने. म्हणजे माथ्यावर आवाजालाच ती चाल तोडते. अवसरी घाटाच्या परिसरातल्या चढ-उताराच्या वाटा यासाठी उत्तम. चढावर संथ चालताना घोडी आपोआप मान पुढे सोडते आणि मागचे पाय पोटाखाली घेते, तेव्हा हातात वागेचा जो सौम्य, जिवंत भार जाणवतो, तोच आपल्याला हवा असतो. तो एकदा ओळखता आला की कोणता लगाम योग्य हे घोडीच सांगते : तोंड बंद, कान मोकळे, ओठांवर थोडा फेस, मान स्थिर. नवा लगाम घातल्यावर आठवडाभर तरी ही लक्षणे पाहावीत, पहिल्या दिवसाच्या शांततेवर जाऊ नये. पहिल्या दिवशी घोडी फक्त नव्या लोखंडाचा अंदाज घेत असते.

दात तपासण्याची सोय आपल्यापासून फार दूर नाही. मुंबईचे परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. घोड्यांच्या दातांचे काम जाणणारा डॉक्टर यात्रांच्या हंगामापूर्वी एक दिवस तालुक्यात आणता आला, तर पाच वर्षांखालच्या घोड्यांचे वर्षातून दोनदा आणि मोठ्यांचे एकदा तपासून घेता येईल. बैलांची वैद्यकीय तपासणी आता नियमांनी बंधनकारक आहेच. त्याच दिवशी, त्याच मांडवात घोडीच्या ओठांचे कोपरे आणि लगाम बसतो ती जबड्यावरची पट्टी पाहायला किती वेळ लागणार आहे? ताजी जखम दिसली तर त्या घोडीला त्या यात्रेत धावू देऊ नये, असा ठराव एखाद्या यात्रा कमिटीने आधी करून दाखवावा.

अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. वाग आणि लगामाची कडी यांच्यामध्ये बसणारा लहानसा भारमापक, ज्याचे आकडे मोबाइलवर दिसतील, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी अवघड काम नाही. वजनकाट्यात वापरतात तोच लोड सेल त्याला पुरतो. परदेशात संशोधक अशी साधने वापरतात, पण त्यांची किंमत आपल्या घोडीवाल्याला परवडणारी नाही. एका हंगामात दहा-वीस घोड्यांच्या बाऱ्यांचे आकडे जमले, तर कोणता स्वार किती ओढतो, डावा हात जड की उजवा, माथ्यावर किती भार येतो आणि मोकळ्या पट्ट्याच्या घाटात तो किती कमी होतो, हे पहिल्यांदा आपल्या भाषेत, आपल्या घाटाचे म्हणून कळेल. साधा लगाम आणि तरफेचा लगाम यांची तुलनाही मग अंदाजाने करावी लागणार नाही. मापक दोन्ही वागांना सारखाच बसवावा, त्याचे वजन शंभर ग्रॅमच्या आत राहावे आणि चिखल-पाण्यात टिकावा, एवढ्या तीन अटी घोडीवाल्यांनी त्या पोरांना आधीच सांगून ठेवाव्यात.